खाणीपासून न्यायालयापर्यंत

गुलामगिरीतून स्वतः सुटलेल्या आणि मागे राहिलेल्यांना सोडविण्यासाठी पुन्हा परत गेलेल्या माणसांच्या ज्या कथा जगभर वाचल्या जातात, त्यांत हॅरिएट टबमन या कृष्णवर्णीय स्त्रीची कथा अग्रभागी आहे. अमेरिकेतील मेरिलंड राज्यात गुलाम म्हणून जन्मलेली ही स्त्री १८४९ साली पळून फिलाडेल्फियाला पोहोचली आणि पुढील दहा-अकरा वर्षांत सुमारे तेरा वेळा परत जाऊन तिने सत्तरएक माणसे बाहेर काढली. या कथेत दिशा ठरलेली असते. उत्तरेकडे जावयाचे, रात्री चालावयाचे, दिवसा दडून बसावयाचे. १८५० साली पळालेल्या गुलामांना मालकाच्या स्वाधीन करण्याचा कायदा कडक झाला तेव्हा उत्तरही पुरेशी उत्तर राहिली नाही आणि वाट थेट कॅनडापर्यंत वाढवावी लागली. तरीही कुठे ना कुठे एक रेषा होती. रेषेच्या अलीकडे माणूस गुलाम होता, पलीकडे तो स्वतंत्र होता.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केलेला आहे, हे सर्वज्ञात आहे. परंतु दिल्लीच्या परिसरातील ज्या प्रकरणाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यात अशी रेषा कोठेच नव्हती. गुलाम ज्या देशात होता तो देश स्वतंत्र होता. ज्या राज्यात होता त्या राज्याला निवडून आलेले विधिमंडळ होते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापासून तो फार तर वीसेक किलोमीटरवर दगड फोडीत होता. कायद्याने तर तो केव्हाच मुक्त झालेला होता. पळून जावयाचे तरी कोठे, हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता.

याचे कारण समजण्यासाठी आपल्याच भाषेतील काही शब्द आठवले तरी पुरे. वेठ, बिगार, सालगडी हे शब्द खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतात. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये 'लग्नगडी' हा शब्द होता. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून पैसे उचलावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबावयाचे, असा तो प्रकार. फिटण्याचा दिवस अर्थातच येत नसे. १९४५ साली गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि किसान सभा यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारली, हा इतिहास मराठीत नोंदलेला आहे. 'उचल' हा शब्द तर आजही ऊसतोड मजुरांच्या तोंडी रोजचा आहे. या सर्व शब्दांत एक गोष्ट समान आहे. माणसाला बांधून ठेवणारी बेडी येथे लोखंडाची नसते, ती वहीत असते. वही मालकाजवळ असते आणि मजुराला बहुधा ती वाचता येत नाही.

भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला प्रारंभापासूनच मनाई केली होती. प्रत्यक्ष कायदा मात्र यावयास पंचवीस वर्षे लागली. २५ ऑक्टोबर १९७५ पासून वेठबिगार पद्धत एका अध्यादेशाने रद्द करण्यात आली आणि १९७६ च्या आरंभी त्याचे अधिनियमात रूपांतर झाले. तो काळ आणीबाणीचा होता. सामान्य नागरिकाचे स्वातंत्र्य स्थगित असताना देशातील सर्वांत परतंत्र माणसाला स्वातंत्र्य बहाल करणारा कायदा व्हावा, हा विरोधाभास इतिहासकारांनी अजून पुरेसा न्याहाळलेला नाही. कायदा म्हणून तो उत्तम होता. त्या दिवसापासून प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला, त्याचे कर्ज संपुष्टात आले, कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आली, आणि वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. वेठबिगार शोधून काढण्याचे काम जिल्हाधिकारी आणि दक्षता समित्या यांच्याकडे सोपविण्यात आले. १९७८ साली गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी केलेल्या पाहणीत दहा राज्यांतील वेठबिगारांची संख्या सुमारे २६ लाख असावी असा अंदाज निघाला. बहुसंख्य राज्य सरकारांचे म्हणणे मात्र आमच्याकडे असा प्रकार नाहीच, असे होते. ज्या गोष्टीचे अस्तित्वच अमान्य, तिचे निर्मूलन करण्याचा प्रश्न उद्‍भवत नाही.

१९८१ साली पंजाबातील सरहिंद येथील एका वीटभट्टीवरून एक मजूर निसटला आणि दिल्लीला आला. त्याचे कुटुंब आणि इतर कुटुंबे वर्षानुवर्षे त्या भट्टीवर अडकलेली होती. त्याची पंधरा वर्षांची मुलगी आता विकली जाणार होती. दिल्लीत त्याची गाठ कैलाश सत्यार्थी या तरुण अभियंत्याशी पडली. नोकरी सोडून ते 'संघर्ष जारी रहेगा' नावाचे नियतकालिक चालवीत होते. या मजुराची हकीकत ऐकून घेऊन छापावी, असा त्यांचा प्रथम विचार होता. परंतु ज्याची मुलगी उद्या विकली जाणार त्याला लेखाचा काय उपयोग, हे ध्यानात येताच ते काही सहकाऱ्यांसह भट्टीवर गेले. तेथे मार खाऊन त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले. मग न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करण्यात आला आणि न्यायालयाच्या आदेशाने ती मुलगी व भट्टीवरील कुटुंबे सुटली. सत्यार्थींच्या पुढील सर्व कार्याचा, आणि २०१४ सालच्या नोबेल शांतता पारितोषिकाचाही, उगम येथे आहे. त्या पारितोषिकाची चर्चा पुष्कळ झाली. भट्टीवरून निसटून आलेल्या त्या बापाची तितकी झाली नाही. आत किती कुटुंबे आहेत, कोणाची झोपडी कोणती, पहारा कोठे असतो, हे बाहेरच्या कोणालाही ठाऊक नसते. ते त्याला ठाऊक होते. स्वतःपुरते सुटून तो कोठेही नाहीसा होऊ शकला असता. तसे न करता तो मदत मागत फिरला.

त्याच सुमारास दिल्लीच्या दक्षिण सीमेवर दुसरे एक प्रकरण आकार घेत होते. अरवलीच्या पर्वतरांगा दिल्लीला जेथे भिडतात तेथे, हरियाणाच्या फरिदाबाद जिल्ह्यात, लक्कडपूर, अनंगपूर या गावांच्या आसपास दगडाच्या खाणी होत्या. हा भाग प्राचीन आहे. तोमर राजांनी बांधलेले सूरजकुंड याच लक्कडपूर परिसरात आहे आणि १९८७ पासून तेथे दरवर्षी हस्तकलेची मोठी जत्रा भरते. दिल्लीहून हौसेने जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फारच थोड्यांना त्या टेकड्यांचा हा अलीकडचा इतिहास माहीत असतो. दिल्ली तेव्हा झपाट्याने वाढत होती. १९८२ च्या नोव्हेंबरात नववे आशियाई क्रीडासामने भरावयाचे होते. क्रीडांगणे, उड्डाणपूल, वसतिगृहे यांची बांधकामे रात्रंदिवस चालली होती. राजधानीला दगड हवा होता आणि खडी हवी होती.

या खाणींत बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेने पाहणी केली. १९८१ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे प्रमुख स्वामी अग्निवेश होते. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव वेपा श्यामराव. आंध्रातील श्रीकाकुलमचा जन्म, कलकत्त्यात अध्यापन, मग संन्यास आणि हरियाणाचे राजकारण, असा त्यांचा प्रवास. १९७९ साली ते हरियाणाचे शिक्षणमंत्री होते. फरिदाबादच्या कामगारांवर झालेल्या गोळीबाराच्या प्रश्नावरून त्यांना ते पद सोडावे लागले. त्यांचे बालपण छत्तीसगडातील सक्ती या छोट्या संस्थानात आजोळी गेले होते. हे संस्थान पुढे बिलासपूर जिल्ह्यात विलीन झाले. फरिदाबादच्या खाणीत त्यांना जे मजूर भेटले त्यांत याच बिलासपूर जिल्ह्यातील अनेक जण होते.

मजूर चार राज्यांतून आलेले होते: महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान. न्यायालयाच्या कागदपत्रांत महाराष्ट्राचे नाव प्रथम येते, हे दिल्लीतील मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. २५ फेब्रुवारी १९८२ रोजी संघटनेने सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांना एक पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. जे सांगितले आहे ते खरे की खोटे, हे पाहण्यासाठी दोन वकिलांना आयुक्त नेमून खाणींवर पाठविण्यात आले. त्यानंतर भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे मजुरांच्या परिस्थितीचा सविस्तर सामाजिक अभ्यास सोपविण्यात आला. न्यायालय पुराव्याची वाट पाहत न बसता पुरावा शोधावयास स्वतः निघाले, ही घटना भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासात नवी होती.

आयुक्तांनी जे पाहिले ते थोडक्यात असे. दगडावर दगड रचून केलेल्या भिंती आणि वर गवताचे छप्पर, अशा झोपड्या होत्या. त्यांत माणसाला नीट उभे राहता येत नसे आणि ऊनपाऊस अडत नसे. पिण्यासाठी ओढ्याचे गढूळ पाणी होते. खडीयंत्रांच्या आसपास हवेत इतकी धूळ होती की श्वास घेणे कठीण व्हावे. कित्येक मजुरांना क्षयाने ग्रासलेले होते. सुरुंगाच्या स्फोटात किंवा दगड कोसळून कोणी जखमी झाल्यास उपचार नाहीत व भरपाई नाही. मुलांना शाळा नाही. आम्हांला येथून जाऊ दिले जात नाही, असे अनेकांनी सांगितले.

मजुरीची पद्धत विशेष पाहण्यासारखी आहे. मजुरी दिवसावर नव्हती, भरलेल्या ट्रकवर होती. परंतु दगड सुटा करण्यासाठी लागणारी सुरुंगाची दारू आणि छिद्रे पाडण्याचा खर्च मजुराच्या माथी होता. खाणमालक आणि मजूर यांच्या मध्ये ठेकेदार व मुकादम असत, त्यांचा वाटा वेगळा. म्हणजे खाण मालकाची, दगड मालकाचा, नफा मालकाचा आणि दारूगोळ्याचा खर्च मात्र मजुराचा. सारी वजावट झाल्यावर हातात किमान वेतनही पडत नसे. घरून निघताना घेतलेली उचल फिटण्याऐवजी वाढत जाई. ज्याला गणित येते त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. फसवणूक करण्यासाठी वहीत खोटे आकडे लिहिण्याचीही येथे गरज नव्हती. खरे आकडेच पुरेसे होते.

हरियाणा शासनाने न्यायालयात जी भूमिका घेतली ती या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. प्रथम पत्राला याचिका म्हणता येणार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. त्यानंतरचा युक्तिवाद असा की, या मजुरांकडून सक्तीने काम करून घेतले जात असेल असे घटकाभर मानले, तरी त्यामुळे ते कायद्याच्या व्याख्येतील वेठबिगार ठरत नाहीत. व्याख्येनुसार सक्तीचे काम हे घेतलेल्या उचलीच्या किंवा तत्सम बंधनाच्या पोटी असावे लागते. तेव्हा त्यांनी उचल घेतली होती हे त्यांनी आधी सिद्ध करावे.

हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने पोकळ नव्हता, आणि म्हणूनच तो भयंकर होता. उचलीचा कागद, असलाच तर, ठेकेदाराजवळ. मजूर निरक्षर, परप्रांतीय आणि त्याच ठेकेदाराच्या पहाऱ्यात. त्याने आपल्या दास्याचा लेखी पुरावा आणून द्यावा, तरच त्याला दास मानले जाईल आणि दास मानले गेले तरच त्याला मुक्त करता येईल. टबमनच्या मेरिलंडमध्ये माणूस मालकाच्या मालकीचा आहे, हे कागदोपत्री स्पष्ट असे. येथे कागदोपत्री प्रत्येक जण स्वतंत्र होता. गुलाम असल्याचे शाबीत करण्याचे ओझे गुलामावरच येऊन पडत होते.

१६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती, न्यायमूर्ती आर. एस. पाठक आणि न्यायमूर्ती ए. एन. सेन यांच्या पीठाने निर्णय दिला. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात आहे, एवढे दिसून आले की ते उचलीच्या वा तशाच आर्थिक मोबदल्याच्या पोटी आहे असे न्यायालय गृहीत धरील, आणि तसे नसल्यास मालकाने व शासनाने ते सिद्ध करावे, असे भगवतींनी ठरविले. हे एक वाक्य निकालपत्राच्या दीर्घ पानांत सहज निसटून जाण्याजोगे आहे. परंतु त्याने ओझे एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर ठेवले. याला आधार एका वर्षापूर्वीच्या निर्णयाचा होता. आशियाई सामन्यांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १८ सप्टेंबर १९८२ रोजी याच न्यायालयाने म्हटले होते की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते, भुकेचीही असते, आणि किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करावे लागणारे काम हे सक्तीचेच काम होय. न्यायमूर्ती पाठक यांनी निर्णयाशी सहमत होतानाही एक सावधगिरीची सूचना केली होती: अशी पत्रे एखाद्या विशिष्ट न्यायाधीशाच्या नावे नव्हेत, तर न्यायालयाच्या नावे यावीत. पुढील काळात जनहित याचिकांचे जे झाले ते पाहता ही सूचना दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

निकालाबरोबर एकवीस निदेश देण्यात आले. सहा आठवड्यांत दक्षता समित्या नेमणे, पिण्याचे शुद्ध पाणी, धूळ बसविण्याची व्यवस्था, दारू व छिद्रांचा खर्च वगळून किमान वेतन मिळेल असा दर, औषधोपचार, इत्यादी. वेठबिगार शोधण्याच्या कामी स्वयंसेवी कार्यकर्त्यांचे साहाय्य घ्यावे, असेही सांगण्यात आले. श्रम मंत्रालयातील अधिकारी लक्ष्मीधर मिश्र यांना खाणींवर जाऊन वेठबिगार कोण आहेत हे ठरविण्याचे काम देण्यात आले. १९९१ सालीही हे प्रकरण न्यायालयापुढे होते, यावरून अंमलबजावणीची गती कळून येते.

सुटका झालेल्यांचे पुढे काय झाले, हा भाग बहुधा सांगितला जात नाही. १९८२ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने फरिदाबादच्या खाणींतून बिलासपूर जिल्ह्यातील १३५ मजूर मुक्त झाले होते. मार्चमध्ये त्यांना गावी पोहोचविण्यात आले. सहा महिन्यांत पुनर्वसन करण्याचे आश्वासन मध्य प्रदेश शासनाने दिले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात 'स्टेट्समन' या दैनिकाच्या वार्ताहर नीरजा चौधरी मुंगेली तहसिलीतील तीन गावांत गेल्या. तेथील ७५ मुक्त मजुरांचे पुनर्वसन झालेलेच नव्हते. ते उपासमारीच्या उंबरठ्यावर होते. नीरजा चौधरी यांनीही न्यायालयाला पत्र लिहिले आणि तेही याचिका म्हणून दाखल झाले.

हे वार्ताहराचे काम होते आणि ते साधे होते. सुटलेली माणसे सहा महिन्यांनी कशी आहेत हे जाऊन पाहणे. सुटकेच्या दिवशी छायाचित्रे काढावयास पुष्कळ जण असतात. सहा महिन्यांनी मुंगेलीला जाणारी एकच निघाली, आणि ८ मे १९८४ चा निर्णय त्यामुळे शक्य झाला. मुक्त केलेल्या वेठबिगाराचे पुनर्वसन न करणे म्हणजे संविधानाच्या एकविसाव्या व तेविसाव्या अनुच्छेदांचा भंग होय, असे न्यायालयाने त्यात ठरविले. ज्याच्या घरी धान्य नाही आणि हाताला काम नाही तो पुन्हा उचल घेणार, पुन्हा कोणत्या तरी ठेकेदाराच्या ट्रकमध्ये चढणार. या वेळी त्याला कोणी पळवून नेणार नाही, तो आपण होऊन जाईल. मराठीत 'सुटका' आणि 'मुक्ती' हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. त्या तीन गावांत या दोहोंमधील अंतर शेरभर तांदळाइतके होते.

पुनर्वसनासाठी १९७८ च्या केंद्रीय योजनेने दरडोई चार हजार रुपये ठरविले होते. ही रक्कम वेळोवेळी वाढत जाऊन २००० साली वीस हजार झाली. २०१६ च्या योजनेनुसार प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया व बालके यांना दोन लाख आणि अत्यंत हलाखीच्या प्रकरणांत तीन लाख, असे आकडे ठरले. आकडे भरघोस आहेत. मात्र पूर्ण रक्कम मालकावरील गुन्हा शाबीत होण्याशी जोडण्यात आली. तोवर हाती पडते ते तातडीचे साहाय्य. ते प्रथम वीस हजार होते, २०२२ पासून तीस हजारांपर्यंत आहे. खटले वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार मजूर दूरच्या राज्यात असतो, आणि भट्टीचा मालक तेथेच असतो.

फरिदाबादच्या त्या खाणी आता बंद आहेत. त्या बंद झाल्या त्या मजुरांसाठी नव्हे; अरवलीच्या पर्यावरणाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तेथील खाणकामावर बंदी घातली. खोल खड्ड्यांत पाणी साचून निळे तलाव झाले आहेत आणि तरुण मुले तेथे सहलीला जातात. स्वामी अग्निवेश ११ सप्टेंबर २०२० रोजी दिल्लीत निधन पावले.

दगडाची जागा विटेने घेतली आहे. गाझियाबाद, बागपत, झज्जर या भागांत भट्ट्यांचा हंगाम पाऊस येईपर्यंत चालतो. कापणी आटोपली की छत्तीसगडातून, बिहारमधून कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन निघतात. त्यांतील एखादा मजूर कधी तरी निसटतो, उपजिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत येतो आणि आत अडकलेल्यांची नावे सांगतो. त्यांच्या सुटकेबरोबर जे मुक्ती प्रमाणपत्र मिळावयास हवे, ते त्याच कचेरीतून मिळते. ते नसेल तर पुनर्वसनाच्या योजनेचे दार उघडत नाही. १९८३ चा निकाल होऊन चाळीस वर्षे उलटली, तरी टेबलापलीकडून त्याला प्रथम विचारले जाते ते हेच: उचल किती घेतली होती, आणि तिचा कागद कोठे आहे?